मीठ की बॅटरी? गावच्या सभेत कोण बोललं ते मोजताना

२००९ सालची गोष्ट. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशात संशोधकांचं एक पथक खेड्यात उतरायचं, गाव गोळा करायचं आणि सांगायचं, ‘गावासाठी एक भेट आणली आहे. एक तर बॅटरी सेलचा खोका घ्या, नाही तर आयोडिनयुक्त मिठाच्या पिशव्या. काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही इथे बाजूला बसतो.’

बाजूला बसलेल्यांना मिठाशी काही देणंघेणं नव्हतं आणि बॅटरीशीही. सभेला किती जण आले, त्यात बायका किती, तरुण किती, तोंड कोणी कोणी उघडलं, मतं घेतली का, की चार वडीलधारे उठून पलीकडे गेले आणि ठरवूनच परत आले, हे सगळं त्यांच्या कागदांवर उतरत होतं. असा प्रकार एक-दोन नव्हे, २३६ गावांत झाला. सरकारच्या एका योजनेमुळे गावातल्या तरुणांना आणि बायकांना कारभारात खरोखर आवाज मिळाला का, या प्रश्नाचं उत्तर त्यांना आकड्यांत हवं होतं.

सिएरा लिओनमध्ये ‘तरुण’ हा शब्द जरा ऐसपैस आहे. २००३च्या राष्ट्रीय युवा धोरणानुसार १५ ते ३५ वयाचा माणूस तरुण. (आपल्याकडचे फ्लेक्सवरचे ‘युवा नेते’ पाहिले तर ही पस्तिशीची अट भलतीच कडक वाटते.) गावात मात्र जन्मतारखेपेक्षा ऐपत जास्त बोलते. ज्याचं लग्न झालेलं नाही, ज्याला हक्काने कसायला जमीन नाही, तो तरुणच. आणि जमीन कोणाला द्यायची, तंट्यात दंड कोणाला करायचा, रस्ता साफ करायला कोणी यायचं, हे ठरवणार चीफ, म्हणजे तिथला पारंपरिक सरदार.

या चीफशाहीला जुना इतिहास आहे. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी राजधानी फ्रीटाउनच्या मागचा मुलूख ‘संरक्षित प्रदेश’ म्हणून घेतला आणि कारभार स्थानिक सरदारांकरवीच चालवला. कोणती घराणी राज्य करणारी, हे त्यांच्या मान्यतेने पक्कं झालं. पॅरामाउंट चीफ, म्हणजे सगळ्यांत वरचा चीफ, आजही त्याच घराण्यांतून निवडला जातो आणि एकदा निवडला की मरेपर्यंत. त्यात १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष सियाका स्टीव्हन्स यांच्या सरकारने निवडून आलेल्या स्थानिक परिषदाच मोडीत काढल्या. त्यानंतर तीन दशकं खेड्यातल्या माणसाला चीफखेरीज दुसरं दार उरलं नाही.

या व्यवस्थेत तरुण कसा भरडला जायचा, याचा एक नमुना अभ्यासकांनी नोंदवून ठेवला आहे. त्याला तिथे ‘वुमन डॅमेज’, म्हणजे ‘बाईचं नुकसान’ म्हणतात. एखाद्या वजनदार म्हाताऱ्याच्या अनेक बायका. त्यातल्या एकीशी संबंध ठेवल्याचा आळ गावातल्या एखाद्या पोरावर घ्यायचा, चीफच्या कोर्टापुढे उभं करायचं आणि भरता येणार नाही एवढा दंड ठोकायचा. मग पोराने एक तर त्या म्हाताऱ्याच्या शेतात राबायचं, नाही तर गाव सोडून पळायचं. पळणारे बरेच होते. १९९१ ते २००२ या काळात जे यादवी युद्ध झालं, त्यात बंडखोरांना माणसं कुठून मिळाली, या प्रश्नाच्या उत्तरात या पळालेल्या पोरांचा वाटा आहे. त्याने युद्धातल्या क्रौर्याचं समर्थन होत नाही. पण युद्धानंतर देश पुन्हा उभा करायला बसलेल्या सगळ्यांना एक गोष्ट उमगली होती, की गावाच्या सभेत तरुणाला जागा नसेल तर तो ती दुसरीकडे शोधतो.

२००४ मध्ये स्थानिक परिषदा परत आल्या. पाठोपाठ सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने ‘गोबिफो’ नावाची योजना काढली. क्रिओ भाषेत गोबिफो म्हणजे ‘पुढे चला’. प्रत्येक गावाला ४,६६७ डॉलर, म्हणजे घरटी साधारण १०० डॉलर. एवढ्या गरीब मुलुखात ही रक्कम लहान नव्हे. पैसे नुसते हातावर ठेवले नाहीत. प्रशिक्षित कार्यकर्ते गावात येऊन बसत, विकास समिती स्थापन करून घेत, आराखडा करायला शिकवत. बँक खात्यावर सही करणाऱ्या तिघांत एक बाई हवीच, अशी अट होती. निर्णयात तरुणांना आणि बायकांना सामावून घ्या, असा धोशा तर सतत चालू होता. गावांनी या पैशातून शाळा दुरुस्त केल्या, शौचालयं बांधली, बियाण्यांचे साठे केले, शेळ्या घेतल्या आणि भात वाळवायला सिमेंटची खळी केली.

योजनेचा फायदा झाला का, हे योजनावाल्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. इथे वेगळी गोष्ट घडली. कॅथरिन केसी, रेचल ग्लेनर्स्टर आणि एडवर्ड मिगेल हे तीन अर्थशास्त्रज्ञ सुरुवातीपासून बरोबर होते. उत्तरेतला बोंबाली आणि दक्षिणेतला बोंथे असे दोन जिल्हे निवडले गेले. भाषा वेगळ्या, राजकीय निष्ठाही वेगळ्या. तिथली २३६ गावं घेतली आणि सोडत काढावी तशी निम्म्यांची निवड झाली. ११८ गावांना गोबिफो, उरलेली ११८ तुलनेसाठी. नवं औषध तपासताना रुग्णांचे दोन गट करतात, तसंच हे.

चार वर्षांनी मोजायची वेळ आली. ‘तुमच्या गावात तरुणांचं ऐकतात का?’ असं विचारलं तर कोण नाही म्हणेल? कार्यकर्त्यांना काय ऐकायला आवडतं, हे एव्हाना गावाला पाठ झालेलं. म्हणून मीठ आणि बॅटरी. बोलण्यावर विसंबायचं नाही, करताना बघायचं.

अशा आणखी दोन परीक्षा होत्या. एकीत गावाला बांधकाम साहित्यासाठी कुपनं दिली. गावाने स्वतःचे १ लाख लिओन (तिथलं चलन) घातले तर कुपनामुळे ५० हजारांची भर पडायची. वर्गणी गोळा करायला गाव एकत्र येतं का, ते यात दिसणार होतं. तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते. गावाला एक मोठी ताडपत्री दिली आणि पथक निघून गेलं. पाच महिन्यांनी परत येऊन पाहिलं, ताडपत्री कुठे आहे? सगळ्यांच्या भातावर, शाळेच्या गळक्या छपरावर की कोणा एकाच्या घरावर? गावकी कशी चालते हे विचारायला ताडपत्रीइतका प्रामाणिक साक्षीदार मिळणं कठीण.

निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बांधलेल्या गोष्टींच्या बाबतीत गोबिफो चोख उतरली. सार्वजनिक सोयी सुधारल्या, गावात विक्रेते वाढले, विकायला माल जास्त दिसू लागला. पण कारभाराच्या बाबतीत? बायका आणि तरुण सभेत पूर्वीइतकेच गप्प. निर्णय पूर्वीसारखेच होत. कुपनं दोन्ही गटांत निम्म्याच्या आसपास गावांनी वापरली, गोबिफोच्या गावांनी काही वेगळं केलं नाही. समितीत सक्तीने बसायला लावलं म्हणून समितीबाहेर कोणाचा आवाज फुटला नाही.

या अभ्यासातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग मात्र वेगळाच आहे. संशोधकांनी एकूण ३३४ गोष्टी मोजल्या होत्या. एवढं मोजलं की गंमत होते. संख्याशास्त्रात ‘हा फरक योगायोगाचा नाही’ म्हणण्यासाठी नेहमीचा उंबरठा ५ टक्क्यांचा असतो. म्हणजे योजनेचा काडीचा परिणाम नसला तरी ३३४ पैकी १६-१७ ठिकाणी निव्वळ नशिबाने फरक ‘सापडणार’. हव्या त्या बाजूचे वेचून घ्या, अहवाल तयार. हे होऊ नये म्हणून या तिघांनी आकडे तपासायच्या आधीच कोणत्या गोष्टी कशा गटात मोजायच्या ते लिहून, तारखेसह जमा करून ठेवलं होतं. नंतर पळवाट नाही.

आणि मग त्यांनी एक खोडकर उद्योग केला. वेचून घेतलं असतं तर काय दिसलं असतं, ते दाखवणारे दोन तक्ते छापले. एका तक्त्यातून वाटावं की गोबिफोने गावाच्या संस्था मजबूत केल्या. त्यात एक प्रश्न होता: ‘जबाबदार तरुण चांगले नेते होऊ शकतात’ की ‘नेतृत्वाची प्रगल्भता फक्त वडीलधाऱ्यांकडेच असते’? गोबिफोच्या गावांत तरुणांच्या बाजूने थोडे जास्त लोक बोलले. शेजारच्या तक्त्यातून वाटावं की योजनेने संस्था खिळखिळ्या केल्या. तिथे ताडपत्रीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या सभेला गोबिफोच्या गावांतले कमी लोक गेले, आणि सगळ्यांचं सारखं ऐकलं गेलं असं म्हणणारेही कमी निघाले. दोन्ही तक्ते खऱ्या आकड्यांचे, आणि दोन्ही दिशाभूल करणारे. तरुण नेते होऊ शकतात असं मान्य करणारे लोक तुलनेच्या गावांतही मुळातच बहुसंख्य होते. म्हणजे तत्त्व गावाला मान्य होतं. सभेत बोलायची पाळी आली की मात्र तत्त्व घरी राहायचं.

सभा भरतात, लोक येतात, म्हणजे लोकशाही जिवंत आहे, असा एक समज आपल्यालाही असतो. त्याला दारोन असेमोग्लू, ट्रिस्टन रीड आणि जेम्स रॉबिन्सन यांच्या २०१४च्या अभ्यासाने चांगलाच धक्का दिला. (यातल्या असेमोग्लू आणि रॉबिन्सन यांना पुढे २०२४ मध्ये नोबेल मिळालं.) ज्या मुलखात राज्य करणारी घराणी मोजकीच, तिथे चीफला स्पर्धा कमी. अशा ठिकाणी शिक्षण कमी, मुलांचं आरोग्य वाईट, शेतीबाहेरचा रोजगार कमी. इथवर अपेक्षितच. पण याच ठिकाणी चीफबद्दलचा आदर जास्त आणि लोकांचा सामाजिक सहभागही मोजमापात जास्त भरला. हे कोडं त्यांनी असं सोडवलं, की इथल्या सभा, मंडळं, सामुदायिक कामं चीफच्याच मुठीत असतात. त्याला जाब विचारायला माणसं जमत नाहीत. माणसं जमतात ती त्याच्याकडून काम करून घ्यायला.

मग करायचं काय? गोबिफोच्या अभ्यासातल्या त्याच गावांत केसी, ग्लेनर्स्टर आणि मिगेल यांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर दुसरा प्रयोग केला. स्थानिक बांधकामांसाठी निधीची स्पर्धा जाहीर झाली, गावांनी प्रस्ताव पाठवायचे. युद्धानंतर शाळा वाढल्या होत्या, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कारभारी वयस्क आणि कमी शिकलेले, तर पुढची पिढी त्यांच्यापेक्षा बरीच शिकलेली. संशोधकांनी गावात एक स्वस्त, झटपट चाचणी घेऊन व्यवस्थापनाचं कसब कोणाकडे आहे ते हुडकलं, आणि काही गावांत प्रस्तावाचं काम त्या माणसांवर सोपवायला सुचवलं. चाचणीत वय नव्हे, कसब पाहिलं होतं.

फरक एका प्रमाण विचलनाचा पडला. सोप्या भाषेत, १०० गावांच्या यादीत पन्नासाव्या नंबरवर रेंगाळणारं गाव साधारण सोळाव्यावर गेलं. चीफच्या एकहाती कारभारापेक्षा हे बरं ठरलंच, पण सर्वांना सामावून घेण्याचे धडे देणाऱ्या लांबलचक आणि महागड्या गोबिफोपेक्षाही बरं ठरलं. यावर एक आक्षेप रास्त आहे: हुशार माणसाच्या हाती काम देणं म्हणजे गावाला आवाज देणं नव्हे. उद्या हाच हुशार माणूस नवा कारभारी होऊन बसला तर? प्रयोगाने त्याचं उत्तर दिलेलं नाही. त्याने एवढंच दाखवलं, की गावात असलेलं शहाणपण गाव वापरत नव्हतं.

गोबिफोच्या गावांत संशोधक योजना सुरू झाल्यापासून ११ वर्षांनी पुन्हा गेले. सार्वजनिक सोयी आणि बाजारहाट यांत ही गावं तेव्हाही पुढेच होती. या खेपेस संस्थांच्या बाबतीतही किंचित सुधारणा दिसली. २०१४च्या इबोला साथीला तोंड देताना या गावांचा प्रतिसाद थोडासा बरा असावा, असेही काही पुरावे मिळाले. आकडे जाहीर करण्याआधी देशातल्या आणि बाहेरच्या जाणकारांना अंदाज बांधायला सांगितलं होतं. सर्वांत जास्त आशावादी निघाले ते स्थानिक धोरणकर्ते.

पैसा समितीच्या हातून न जाता थेट तरुणांकडे गेला तर काय होतं, याचं एक उत्तर युगांडाच्या उत्तर भागातून येतं. तिथेही युद्धाने होरपळलेला मुलूख. २००६ मध्ये सरकारने १६ ते ३५ वयाच्या तरुणांना सांगितलं, गट करा, सुतारकाम, शिवणकाम, जे शिकायचं त्याचा प्रस्ताव द्या. ५३५ गटांतून चिठ्ठीने निवड झाली आणि निवडलेल्यांना माणशी सुमारे ३८२ डॉलर मिळाले. पुढे कसलीही देखरेख नाही. ‘उडवून टाकतील’ ही भीती खोटी ठरली. क्रिस्टोफर ब्लॅटमन आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांनी पाहिलं, तर न मिळालेल्यांपेक्षा यांची कमाई ३८ टक्क्यांनी जास्त होती. नवव्या वर्षापर्यंत बाकीच्यांनीही त्यांना गाठलं, ही गोष्ट वेगळी.

मधल्या काळात, २०११ मध्ये, निवडणूक झाली. सरकारच्या पैशावर धंदे उभे केलेल्या या तरुणांनी सत्ताधारी पक्षाला काही जास्त मतं दिली नाहीत. उलट विरोधकांचा प्रचार करण्यात आणि त्यांना मत देण्यात ते इतरांपेक्षा पुढे होते.