ट्राउट, पिसाचा गळ आणि राखलेल्या नद्या

बडोद्याची मराठी कुटुंबं दिवाळीच्या सुट्टीत कुल्लू-मनालीला जातात, पाटलीकुहलच्या आसपास ट्राउट खातात आणि बियासच्या काठी गळ टाकून कुणीच कसं बसलेलं नाही म्हणून नवल करतात. दिवाळी नोव्हेंबरात आली असेल, तर कारण साधं असतं. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, कारण थंडी हा या माशाचा अंडी घालायचा काळ. ताटात येतो तो हौदात वाढवलेला मासा. ही बंदी, परवाना, नदीचे ठरवून दिलेले टप्पे, हा सगळा शिरस्ता माशाच्या पाठोपाठ बाहेरून आला आहे, आणि माझ्या मते माशापेक्षा त्याचीच गोष्ट जास्त मोलाची आहे.

ट्राउट मुळात आपल्याकडचा नाही. तपकिरी ट्राउट युरोपातला, रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. दोघांनाही थंड, खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी हवं. पाणी तापलं की तो खाणं सोडतो, आणखी तापलं की मरतो. आपल्या बडोद्याजवळच्या आजव्याच्या तलावात किंवा विश्वामित्री नदीत त्याचा एक उन्हाळाही निभणार नाही.

तो धरायची रीतही वेगळी. नेहमीच्या गळाला शिशाचं वजन असतं, त्या वजनानं दोरा लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये आकड्याला वजन जवळजवळ नसतंच, वजन असतं दोरीला. काठी मागे नेली की दोरी हवेत पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच काठी पुढे आणायची. घाई केली की सगळा गुंता. आकड्यावर पिसं, लोकर आणि रेशीम गुंडाळून पाण्यावरच्या किड्याची नक्कल केलेली असते, तिलाच माशी म्हणजे फ्लाय म्हणतात. इसवी सन २०० च्या सुमारास इलियन या रोमन लेखकानं मॅसेडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे, की ते आकड्याला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बसवतात. दोरी आधी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे, मग तेल पाजलेल्या रेशमाची, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचा लेप दिलेली. बांबूच्या सहा पट्ट्या तासून, चिकटवून केलेल्या काठ्यांच्या जागी आता कार्बनच्या काठ्या आल्या.

या पिसांत आपल्याकडचंही एक पीस होतं. करड्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसाच्या टोकाला मेणाचा थेंब ओतावा तसा पिवळट, कडक, चकचकीत ठिपका असतो. पाण्यात तो छोट्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो, म्हणून इंग्रज गळकऱ्यांना हे पीस फार प्रिय. हा पक्षी डांगच्या जंगलापर्यंत आढळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं. परदेशात आज हे पीस पाळलेल्या पक्ष्यांपासून घेतात.

आता क्लब. इंग्लंडात नदीकाठची जमीन ज्याची, मासे धरायचा हक्क त्याचा. तेव्हा हौशी मंडळींनी एकत्र येऊन काठ भाड्यानं किंवा विकत घ्यायचा, रखवालदार ठेवायचा आणि आपले नियम लावायचे, ही पद्धत तिथं रुजली. हॅम्पशरमधल्या टेस्ट नदीवरचा हॉटन क्लब १८२२ चा. टेस्ट ही चुनखडीतल्या झऱ्यांवर वाहणारी नितळ नदी, तळातला मासा काठावरून दिसतो. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी मत मांडलं, की माशी पाण्यावर तरंगतीच हवी, आणि वर येऊन किडा टिपणाऱ्या माशालाच ती दाखवायची. पाहता पाहता हे मत अनेक क्लबांचा कडक नियम होऊन बसलं. जी. ई. एम. स्क्यूज यांनी शांतपणे दाखवून दिलं, की ट्राउट आपलं बरंचसं अन्न पाण्याखालीच खातो, त्यामुळे बुडती माशी टाकण्यात कमीपणा कसला? १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यावर जाहीर वाद झाला. कौल हॅलफर्डपंथीयांकडे झुकला, पण निरीक्षण स्क्यूज यांचंच खरं होतं आणि आज जगभर त्यांची पद्धत चालते. नद्यांवर क्लब, तसे तलावांवरही. ब्रिस्टॉलजवळ पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला ब्लॅगडनचा जलाशय १९०४ मध्ये ट्राउटच्या मासेमारीला खुला झाला. गावाला पाणी पुरवणाऱ्या तलावात नियमानं मासे सोडायचे आणि नियमानं धरायचे, ही कल्पना तिथून पसरली.

साहेब जिथं गेला तिथं त्याला हा मासा हवा होता. अडचण प्रवासाची, कारण जहाज उष्ण कटिबंधातून जाताना अंडी नासत. १८६४ मध्ये नॉरफोक नावाच्या जहाजातून अंडी ओल्या शेवाळ्यात ठेवून, बर्फाच्या कोठारात रचून, सुमारे तीन महिन्यांच्या प्रवासानंतर टास्मानियात जिवंत पोहोचली, तेव्हा तो प्रश्न सुटला. भारतात निलगिरीवर मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये केलेला प्रयत्न फसला होता. तिथं ट्राउट टिकला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, एच. सी. विल्सन यांच्या हातून, अॅव्हलांचच्या उबवणी केंद्रात.

काश्मीरची हकिगत आणखी चिकाटीची. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे एफ. जे. मिचेल यांनी हे काम अंगावर घेतलं. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी दिलेली पहिली खेप १८९९ मध्ये वाटेतच वाया गेली. १९०० मध्ये दुसरी खेप पोहोचली आणि श्रीनगरजवळच्या हारवनला मासे वाढू लागले. पुढे संस्थानाच्या मत्स्यखात्याची धुरा मिचेल यांच्याकडेच आली. काश्मीरची अंडी १९०९ मध्ये कुल्लूत महिलीच्या केंद्रात आली आणि तिथून बियासच्या खोऱ्यात पसरली. पाटलीकुहलचं आजचं केंद्र मात्र नॉर्वेच्या मदतीनं १९८९ नंतर नव्यानं उभं राहिलं.

या सगळ्याची किंमत होती. हिमालयातल्या नद्यांचा मूळ मासा असेला, त्याच्या पाण्यात हा परका, दुसऱ्या माशांची पिल्लं खाणारा मासा सोडताना कुणी फार विचार केला नाही. काठावरच्या गावकऱ्याचा पिढीजात हक्क परवान्यात अडकला. हे अन्यायाचं होतं, आणि तसं म्हटलंच पाहिजे. पण मुन्नारचं उदाहरण दुसरी बाजू दाखवतं. चहामळेवाल्यांच्या क्लबांनी शिकारीसाठी आणि ट्राउटसाठी म्हणून एराविकुलमचं पठार राखलं, मुथुवान आदिवासींना तिथं राखणदार नेमलं. १९७१ मध्ये ती जमीन केरळ सरकारकडे गेली, १९७८ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. निलगिरी ताहर या रानबकरीची सर्वांत मोठी संख्या आज तिथंच आहे. हेतू स्वतःच्या हौसेचा होता, पण त्या हौसेपोटी ओढे आणि शोला, म्हणजे डोंगरदऱ्यांतलं सदाहरित जंगल, वाचलं.

बडोदेकरांनी या इतिहासाकडे केवळ साहेबी छंद म्हणून पाहू नये. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्यानं बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचा अख्खा अध्याय आहे. मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, कुणाला काय खाऊ घालायचं, गळानं कसं धरायचं, हे सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. आणि हा ग्रंथ संपादून छापला तो आपल्याच गावात. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकर यांनी संपादलेला त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. सयाजीराव महाराजांच्या राज्यात माशांकडे शास्त्र म्हणून पाहिलं जाई. ओखामंडळच्या किनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यास त्यांनी सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करवून घेतला होता.

आपल्या बाजूचा गळाचा राजा म्हणजे नर्मदेचा महाशीर. तोही पिसाच्या माशीला लागतो. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट चढून वाळू-गोट्यांच्या स्वच्छ तळावर अंडी घालतो. नर्मदेवर एकामागून एक धरणं झाली, चढायची वाट अडली, वाहत्या पाण्याच्या जागी साचलेलं पाणी आलं. मध्य प्रदेशानं २०११ मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून जाहीर केलं, बडवाहजवळ कृत्रिम प्रजननाचे प्रयोगही झाले. परक्या ट्राउटसाठी बियासवर वर्षातले चार महिने गळ बंद राहतो, राखणदार फिरतो, उबवणी केंद्रं चालतात. बडोद्याजवळच्या आपल्या नदीतल्या आपल्या माशासाठी निदान तेवढी तरी व्यवस्था गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांनी मिळून करायला हवी, आणि ती मागण्यात बडोद्याच्या गळकऱ्यांनी पुढे असायला हवं.