हर्डल की फेन्स? लॅम्बोर्नच्या घोड्यांपुढचे दोन अडथळे

घोड्यांची शर्यत हर्डलवरून असो की फेन्सवरून, मराठीत दोन्हींना आपण ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणून मोकळे होतो. महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेस सपाट मैदानावर होतात, त्यामुळे फरक कळायची वेळच येत नाही. इंग्लंडच्या बर्कशर परगण्यातल्या लॅम्बोर्न गावात मात्र ही गल्लत चालत नाही. गावाला स्वतःचं रेसकोर्स नाही. आहेत ते तबेले आणि खडूच्या टेकड्यांवरचं गवत. खडूतून पाणी चटकन झिरपतं, म्हणून पाऊस झाला तरी घोड्यांना दौडायला जमीन चांगली मिळते. उड्यांच्या सरावासाठी हर्डल आणि फेन्स, दोन्ही तिथे उभे असतात.

हर्डल म्हणजे जमिनीत ठोकलेली, उचलून हलवता येणारी चौकट. खालच्या दांड्यापासून वरच्या दांड्यापर्यंत ती किमान 3 फूट 6 इंच असते. पण येणाऱ्या घोड्यापासून पुढे कललेली, त्यामुळे प्रत्यक्ष उंची कमी भरते. पाय लागला तर ती झुकते. फेन्स जागची हलत नाही. बर्च झाडाच्या काटक्या उभ्या, घट्ट दाबून भरलेल्या, उंची किमान 4 फूट 6 इंच. ‘ओपन डिच’ प्रकारात उडी घेण्याच्या बाजूला चरही असतो. दोन मैलांच्या शर्यतीत हर्डल किमान 8, तर स्टीपलचेसला, म्हणजे फेन्सवरच्या शर्यतीला, साधारण 12 फेन्स.

खरा फरक उडीत आहे. हर्डलवरून घोडा वेग न मोडता, जवळजवळ धावतानाच, सपाट निघून जातो. वरच्या दांड्याला जरा घासला तरी निभावतं. फेन्सपुढे त्याला मागच्या पायांवर भार घेऊन, पाठीची कमान करून, पुढचे पाय दुमडून वर उठावं लागतं. हर्डलला सरावलेला घोडा पहिल्यांदा फेन्सवर येतो तेव्हा नेमकी जुनी सवय नडते: तो लांबूनच सपाट झेप टाकतो, पुढचे पाय काटक्यांत आपटतात आणि डोकं खाली जातं. हर्डलवरच्या चुकीत बहुधा थोडा वेग जातो. फेन्सवर तीच चूक घोड्याला पाडते. म्हणून सराव पायरीपायरीने हवा: आधी जमिनीवर आडव्या टाकलेल्या बल्ल्या, मग बुटके ओंडके, मग हर्डल, शेवटी छोटे फेन्स, तेही शेजारी एखादा मुरलेला घोडा ठेवून. इथे घाई मुळीच करू नये.

दोन्हींत चमकलेला लॅम्बोर्नचा घोडा म्हणजे ऑल्टियर. प्रशिक्षक निकी हेंडरसन यांच्या सेव्हन बॅरोज तबेल्यातल्या या घोड्याने चेल्टनहॅमच्या रेसकोर्सवर 2016 मध्ये सुप्रीम नॉव्हिसेस हर्डल जिंकली, 2017 मध्ये फेन्सवरची आर्कल, आणि 2018 व 2019 मध्ये फेन्सवरचीच चॅम्पियन चेस.

जुनी चित्रफीत पाहताना रंगाकडेही लक्ष द्या. अडथळ्यांवरच्या नारिंगी पट्ट्या घोड्याच्या डोळ्याला हिरव्यापासून नीट वेगळ्या दिसत नाहीत, म्हणून ब्रिटनमध्ये 2022 पासून त्या पांढऱ्या करायला सुरुवात झाली.