वनहक्क दावा : शिकारीचा हक्क मिळत नाही, मग काय मिळतं? सातारा-सांगलीच्या अर्जदारांसाठी माहिती

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांत वनहक्काचा विषय निघाला की बोलणं हमखास शिकारीवर येतं. एक बाजू म्हणते, आमचे आजे-पणजे ससा, घोरपड, रानडुक्कर मारूनच जगले, तो आमचा हक्क आहे. दुसरी म्हणते, म्हणूनच यांना जंगलात पाऊल टाकू देऊ नका. या भांडणात जमिनीचा, चराईचा, मधाचा, मासेमारीचा हक्क मागे पडतो आणि कायद्याने दिलेला हक्क नेमका हाच आहे. तो कुणी मागायचा, कसा मागायचा आणि कोणत्या कागदांवर, ते पाहू.

आधी शिकारीबद्दल, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वन निवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याच्या कलम ३ मध्ये पिढ्यानपिढ्या उपभोगलेला इतर कोणताही पारंपरिक हक्क मागता येतो, मात्र त्याच वाक्यात शिकार करणं, फासे लावणं आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणं स्पष्टपणे वगळलं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये तर शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, हाकारा घालणं, आमिष दाखवणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणं हीदेखील शिकारच. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडण्याची परंपरा याच व्याख्येत सापडली आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

याचा सगळ्यात जड भार फासेपारध्यांवर पडला. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली, पारधी त्यात भरडले गेले. तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला गेला. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि तितर, लावा, ससा पकडून जगणाऱ्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरला. धंदा काढून घेताना हातात जमीन दिली नाही, ही त्यांची तक्रार मला शंभर टक्के खरी वाटते. पण माणदेशातल्या माळरानावर आज जे थोडे प्राणी-पक्षी उरलेत, ते पुन्हा फाशाखाली घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जमीन देणं हा उपाय आहे आणि ती मागायला हा कायदा दार उघडतो. म्हणून अर्जात शिकारीचा हक्क मागू नका. तो मिळणार तर नाहीच, उलट बाकीच्या दाव्यावर बोट ठेवायला जागा होते.

रानडुकरं किंवा गवे पीक खात असतील तर तो रस्ता वेगळा. तिथे वनहक्काचा अर्ज चालत नाही. पिकाच्या नुकसानभरपाईसाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच लेखी अर्ज द्यायचा आणि पंचनामा करून घ्यायचा. उपद्रवी प्राण्याबाबतची परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याकडूनच मिळते. ती हातात नसताना बंदूक, फासा किंवा विजेची तार लावली तर गुन्हा दाखल होतो.

आता पात्रता. दोन गट आहेत. पहिला अनुसूचित जमातींचा. आपल्याकडे कातकरी आणि फासेपारधी यात येतात. त्यांना जमातीचा दाखला आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा किंवा वनावरचं अवलंबन दाखवावं लागतं. दुसरा गट इतर पारंपरिक वननिवासींचा. पाटण, जावळी, शिराळ्यातले गवळी धनगर, मराठा, बौद्ध, कुणीही. जातीची अट नाही, पण त्याच तारखेच्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वनात राहून किंवा वनावर अवलंबून काढल्याचा पुरावा हवा. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो.

इथे एक चूक कार्यालयांतही होते. ७५ वर्षांची अट रहिवासाला आणि अवलंबनाला आहे, त्या विशिष्ट तुकड्याच्या ताब्याला नाही. जमीन २००५ च्या त्या तारखेला तुमच्या ताब्यात असली की पुरे. "या गटात १९३० पासून कसत होता हे दाखवा" असं कुणी म्हटलं तर केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने हे स्पष्ट केलं आहे, असं लेखी उत्तर द्या.

अर्जाचे नमुने तीन. घराच्या आणि कसत्या जमिनीच्या वैयक्तिक दाव्यासाठी नमुना 'अ'. प्रत्यक्ष ताबा असेल तेवढीच जमीन मिळते, जास्तीत जास्त ४ हेक्टर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. वारसाला जातो, विकता येत नाही. चराई, पाणवठे, मासे, मध, शिकेकाई, हिरडा, औषधी मुळ्या यांसाठी नमुना 'ब'. गावाने परंपरेने राखलेल्या, वापरलेल्या सगळ्या वनाच्या व्यवस्थापनासाठी नमुना 'क'. लोक 'अ' भरून थांबतात, याचं वाईट वाटतं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मध हे या कायद्याच्या व्याख्येत गौण वनोपज आहे, म्हणजे गोळा करण्याचा आणि विकण्याचाही हक्क. तसा सामूहिक दावा डोंगरातल्या कितीतरी वाड्यांना करता येईल. माण, खटाव, आटपाडीच्या मेंढपाळांनाही हंगामी चराईचा आणि वाटेचा हक्क 'ब' मध्ये मागता येतो. मेंढपाळ मुक्कामी असतील तेव्हाच त्यांच्या दाव्याची पडताळणी करावी, असं नियमातच आहे.

पुरावे किमान दोन प्रकारचे लागतात. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीच्या पावत्या हा एक प्रकार. वनखात्याने पूर्वी दिलेल्या दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या नोटिसा, खटल्याचे कागद हा दुसरा. ज्या कागदाने त्रास दिला तोच इथे ताबा सिद्ध करतो, म्हणून फेकू नका. जमिनीवरच्या खुणाही पुरावाच : नाचणी-वरीसाठी घातलेल्या ताली, विहीर, दगडी चौथरा, स्मशान, देवराई. जुन्या काळासाठी गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे नकाशे चालतात आणि संस्थानी दप्तरही चालतं. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत इथल्या संस्थानी मुलखात ज्यांचे पूर्वज होते त्यांनी तिकडे जरूर शोध घ्यावा. काहीच सापडलं नाही तर वंशावळ आणि गावातल्या वयोवृद्धाचा लेखी जबाब. तो माणूस स्वतः दावेदार नसावा, एवढंच. ठरावीकच कागद आणा, असा हट्ट कोणतीही समिती धरू शकत नाही. उपग्रहाचं छायाचित्रही पूरक पुरावा आहे, त्यात शेत दिसलं नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही.

अर्ज तहसीलदाराकडे नव्हे, ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीकडे जातो. समितीत १० ते १५ सदस्य असतात, त्यांत किमान एक तृतीयांश महिला. नमुना फुकट मिळतो. अर्जाची पोच तारखेसह घ्या. समिती जागेवर जाऊन पाहते, वन आणि महसूल विभागाच्या कर्मचाऱ्यांनी हजर राहून सही करायची असते. मग ग्रामसभा ठराव करते. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला, नाहीतर ठराव पुढे टिकत नाही. धनगरवाडा किंवा कातकरवाडी मूळ गावापासून लांब असेल, कुठल्याच नोंदीत नसेल, तर ग्रामपंचायतीकडून तिची स्वतंत्र वस्ती म्हणून यादीत नोंद करून घ्या, हे काम आधीचं. ठराव प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. जिल्ह्याचा निर्णय या कायद्याखाली अंतिम.

कोयना अभयारण्य (१९८५) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) मिळून २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. आत दावाच करता येत नाही, ही अफवा आहे. कायद्याच्या व्याख्येत वनजमिनीत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही येतं. वाघासाठी गाव हलवायचं असेल तर आधी हक्कांची मान्यता पूर्ण व्हायला हवी आणि ग्रामसभेची लेखी, माहितीपूर्ण संमती हवी. आपल्या डोंगरात आधी धरणासाठी, मग प्राण्यांसाठी लोक उठले. म्हणून पुनर्वसनाच्या कागदावर अंगठा देण्याआधी वनहक्काचा दावा दाखल करा, हे मी कळकळीने सांगतो. विकासप्रकल्पासाठी जमिनीचा मोबदला म्हणून जमीन न देता उठवलं आणि घेतलेली जमीन पाच वर्षांत त्या कामासाठी वापरलीच नाही, अशांना कलम ४ च्या पोटकलम ८ खाली त्या जमिनीवर दावा करता येतो. पाण्याखाली गेलेल्या शेताला हे लागू नाही. प्रकल्पासाठी घेऊन पडीक राहिलेल्या जमिनीला आहे.

दावा फेटाळला तर कारणांसह लेखी कळवणं बंधनकारक आहे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत जाता येतं. तोंडी "नाही म्हणाले" एवढ्यावर परत फिरू नका, कारण लेखी नकार नसेल तर अपिलात दाखवायला काही राहत नाही. पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कुणालाही हटवता येत नाही, हे कलम ४ चं पोटकलम ५. कर्मचारी दारात आले तर दाव्याची पोच दाखवून याच कलमाचा लेखी हवाला द्या.