लिनक्स सर्व्हरवर पोर्ट उघडणे

सर्व्हरवरच्या एखाद्या सेवेपर्यंत बाहेरची पॅकेटे (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) पोहोचावीत, अशी परवानगी फायरवॉलच्या, म्हणजे पॅकेटे अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या यंत्रणेच्या, नियमांत नोंदवणे म्हणजे पोर्ट उघडणे. पोर्ट म्हणजे सेवेचे क्रमांक दिलेले दार; हे क्रमांक ० ते ६५५३५ असतात. एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याची सेवा) सहसा २२ वर, एचटीटीपी ८० वर आणि एचटीटीपीएस ४४३ वर असते. पॅकेटांची गाळणी कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, नेटफिल्टर करतो. उबुंटूवरचे यूएफडब्ल्यू आणि रेड हॅट, फेडोरावरचे फायरवॉलडी ही त्याच्याकडे नियम पोहोचवणारी साधने आहेत.

नियम लिहिल्याने सेवा सुरू होत नाही. म्हणून आधी रूट (सर्वोच्च प्रशासकाच्या) अधिकाराने ‘एसएस -टीयूएलपीएन’ ही आज्ञा चालवून कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे, ते पाहावे. पत्ता १२७.०.०.१ असेल तर सेवा त्याच यंत्रापुरती आहे आणि पोर्ट उघडून काही साधत नाही. डेटाबेस तिथेच बरा. मायएसक्यूएलचे ३३०६ किंवा पोस्टग्रेसचे ५४३२ जगाला खुले करण्यापेक्षा एसएसएच टनेल (एसएसएच जोडणीच्या आतून नेलेला सुरक्षित मार्ग) वापरावा. तेही शक्य नसेल तर परवानगी एकाच आयपी पत्त्यापुरती द्यावी.

दूरच्या सर्व्हरवर खरी भीती स्वतःच बाहेर अडकण्याची. यूएफडब्ल्यू येणाऱ्या जोडण्या मुळातच अडवते, त्यामुळे ‘एनेबल’ करण्यापूर्वी एसएसएचचा पोर्ट उघडलेला हवा, आणि तो बदललेला असेल तर बदललेला क्रमांक. नंतर जुनी खिडकी बंद न करता दुसरीतून लॉगिन करून पाहावे. जुनी जोडणी चालू राहिली म्हणून नियम बरोबर ठरत नाही: कर्नल आधी जुळलेल्या जोडण्यांची नोंद ठेवतो आणि त्यांना सहसा जाऊ देतो. फायरवॉलडीमध्ये ‘--टाइमआउट=५एम’ जोडला की नियम पाच मिनिटांनी आपोआप निघतो; चाचणीसाठी ही सोय फार मोलाची. चाचणी जमली की तोच नियम ‘--परमनंट’ने लिहून ‘--रीलोड’ करावे, नाहीतर तो रीबूटनंतर टिकत नाही.

डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. ‘-पी ५४३२:५४३२’ दिले की डॉकर स्वतःचे नियम घालतो. ती पॅकेटे इनपुट (यंत्रासाठीच आलेल्या पॅकेटांच्या) ऐवजी फॉरवर्ड (पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या) नियमांच्या साखळीतून जातात आणि यूएफडब्ल्यूची बंदी त्यांना लागतच नाही. ‘१२७.०.०.१:५४३२:५४३२’ असे लिहिल्यास पोर्ट यंत्राच्या आतच राहतो.

पडताळणी बाहेरच्या यंत्रावरून, ‘एनसी -व्हीझेड’ या आज्ञेने करावी. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आले तर पॅकेट वाटेत टाकले जात असावे. क्लाउडवर अशा वेळी सिक्युरिटी ग्रुपही तपासावा, कारण तो सर्व्हरच्या बाहेरचा वेगळा पहारा आहे. ‘रिफ्यूज्ड’ आल्यास बहुधा त्या पोर्टवर कोणी ऐकतच नसते. फायरवॉलडीने नाकारलेली जोडणी मात्र अनेकदा ‘नो रूट टू होस्ट’ दाखवते, आणि मग लोक विनाकारण राउटिंग शोधत बसतात. सर्व्हरला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, लांब) पत्ताही असेल तर हीच चाचणी त्यावरही वेगळी करावी लागते.