मीटर १२ दाखवतं, मग हॉर्न का वाजत नाही?

इंदूरला रंगपंचमीच्या गेरच्या (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) दिवशी बाबांची जुनी शंभर सीसीची गाडी राजवाड्यामागच्या एका गल्लीत उभी होती आणि टँकरमधून उडणारं सगळं रंगाचं पाणी तिच्यावरून वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रामबागेत घराखाली किक मारली तर गाडी पहिल्या किकला सुरू, हेडलाइट झकास, पण हॉर्न एकदम मुका आणि इंडिकेटर नुसता पेटून राहायचा, लुकलुकायचाच नाही, वर ब्रेक दाबला की तोही मंद व्हायचा. गॅरेजमध्ये मल्टिमीटर (व्होल्टेज, रोध मोजायचं यंत्र) लावून बघितलं, वायर तुटलेली नसली की वाजतो तो त्याचा बझर वाजला, आणि निदान झालं, "भिया, वायर तो सब ओके है, पूरी वायरिंग किट डलवा लो." म्हणजे वायर ठीक आहे आणि तरी सगळी वायर बदलायची! ते काही पटलं नाही म्हणून गाडी घरी आणली आणि भाच्याला बरोबर घेऊन बसलो.

आता अशा जुन्या किकवाल्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा विजेचे दोन संसार असतात. इंजिनबरोबर चुंबक फिरतं, त्याने कॉइलमध्ये वीज तयार होते (फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच तत्त्व) आणि तीच वीज थेट स्पार्कला आणि हेडलाइटला जाते, बॅटरी नसली तरी चालतं. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट मात्र बॅटरीवर. म्हणून हेडलाइट चांगला आणि हॉर्न बंद म्हटलं की अर्धी गाडी तिथेच तपासातून बाद होते. एक एक पार्ट उघडत बसण्यापेक्षा आधी ही वाटणी करून घ्यावी, निम्मा दिवस वाचतो.

बॅटरी मोजली, १२.४ व्होल्ट. अगदी भरलेली १२.६ च्या पुढे दाखवते, पण १२.४ ला हॉर्न वाजायलाच हवा. फ्यूज शाबूत. हॉर्नच्या दोन्ही वायर काढून त्यांच्यावर मीटर लावलं, भाच्याला बटण दाबायला सांगितलं, तर तिथेही १२.४. तेव्हा त्याने विचारलं, "मामा, बारा तर येऊन राहिलेत, मग वाजत का नाही?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. आपल्याकडे नर्मदेच्या पाण्याच्या नळाचं कसं असतं बघा, पाइप आतून गंजून निम्म्याहून जास्त बुजला असला तरी नळ बंद आहे तोवर तिथे प्रेशर पूर्ण असतं, तोटी उघडली की मग कळतं की धार बारीक आहे. वायरचंही तसंच. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्याचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो, त्यामुळे वाटेत कुठे १४ ओहमची अडचण असली काय नि हजारची असली काय, त्याला पूर्ण व्होल्टेज दिसणार. हॉर्नला मात्र दोनेक अँपिअर लागतात. आणि बझरवर तर भरवसाच नको, बऱ्याच मीटरचा बझर ३०-४० ओहमपर्यंतही वाजतो, म्हणजे वायरचा एकच धागा शिल्लक असेल तरी तो "ओके" म्हणणार.

म्हणून वायर मोजायची ती ओझं घातल्यावर. हॉर्न परत जोडला, मीटर डीसी २० व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. बटण न दाबता शून्य. बटण दाबलं आणि आकडा सरळ ८.६ वर गेला! ही दोन्ही टोकं एकाच अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणाऱ्या वाटेची, तिथे ०.२ पेक्षा जास्त दिसायलाच नको. म्हणजे १२.३ (ओझ्यामुळे बॅटरी तेवढी उतरते) मधले ८.६ व्होल्ट बॅटरी ते बॉडी एवढ्या वीतभर वायरमध्येच संपत होते आणि हॉर्नच्या वाट्याला जेमतेम ३.७ येत होते. सहा ओहमच्या हॉर्नसाठी हिशोब केला तर अडचण १४ ओहमच्या आसपास निघते. इंडिकेटर आणि ब्रेकलाइटची परतीची वाटही हीच, म्हणून एकाने करंट घेतला की दुसरा मंद.

सीटखालचा दहा नंबरचा बोल्ट खोलला. दोन वर्षांपूर्वी चेसिसला रंग मारला होता आणि अर्थचं थिंबल (वायरच्या टोकाची बोल्टमध्ये अडकवायची धातूची कडी) त्या रंगावरच बसवलं होतं, सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जात होता. थिंबलच्या खाली रंगपंचमीच्या गुलाबी रंगाचा थर, त्याच्या कडेने हिरवट बुरशीसारखी पूड, आणि आट्यांमध्ये लालसर गंज. तांबं, लोखंड आणि मधे क्षार असलेलं पाणी, म्हणजे झाला की छोटा सेल! १८०० साली वोल्टाने दोन धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून बॅटरी केली होती, तसंच काहीसं त्या बोल्टखाली चाललं होतं, यात लोखंड आधी खंगतं आणि गंज काही वीज नीट वाहून नेत नाही. वायर अर्धा इंच सोलली तर आतलं तांबंही काळं पडलेलं, ते चकचकीत लागेपर्यंत कापत गेलो. महाराणी रोडवरून नवं थिंबल आणलं, चेसिसवरचा रंग पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासला, बोल्ट घट्ट केला आणि वरून पेट्रोलियम जेली. परत मोजलं, हॉर्न दाबून ०.०५. आणि हॉर्न असा वाजला की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या.

नंतर चार्जिंगही बघून घेतलं. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर १३.५ ते १४.५ यायला हवेत, वाढतच नसेल तर कॉइल, रेग्युलेटर (बॅटरीला जाणारं व्होल्टेज आवरणारा पार्ट) किंवा मधलं कपलर (वायर जोडायचा प्लग) बघा, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरीही घेऊन जाईल.

फ्यूज सारखा उडत असेल तर त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नका, अगदी नका, अख्खं हार्नेस (गाडीतल्या वायरचा जुडगा) जळतं. फ्यूज काढून त्याच्या जागेच्या दोन टोकांमध्ये ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तोवर तो पूर्ण उजेडाने पेटतो आणि पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही, मग निवांतपणे वायर हलवत हलवत पुढे सरकायचं. हँडल पूर्ण डावीकडे वळवल्यावरच बल्ब भक्कन पेटत असेल तर वायर चेसिसच्या मानेपाशी घासलेली आहे, टाकी काढून आधी तिथलीच टेप उघडायची.