बॅकलॅश नेमका कशाला म्हणायचे?

बॅकलॅश म्हणजे एकमेकांत बसलेल्या गियरच्या दात्यांमधली फट. घड्याळात तिचा त्रास फारसा होत नाही. वजन किंवा स्प्रिंग गियर एकाच दिशेने ओढते, दात्याची एकच बाजू टेकलेली राहते. 1770च्या दशकात लंडनमध्ये बनलेल्या विभाजन यंत्राचाही (वर्तुळावर अंशांच्या खुणा पाडणारे यंत्र) हाच हिशेब होता: 2160 दात्यांचे चाक, स्क्रूच्या 6 फेऱ्यांना 1 अंश, आणि सरकवणे एकाच दिशेने.

खरी अडचण दिशा उलटताना येते. 1952 मध्ये अंकीय नियंत्रणाचे, म्हणजे आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे, मिलिंग मशीन दाखवले गेले, आणि वक्र कापताना अक्ष (टेबल किंवा कटर सरकवणारे भाग) वारंवार उलट दिशेने जाऊ लागले. 200 मिमी पिच व्यासाच्या (दाते जिथे भिडतात त्या वर्तुळाचा व्यास) चाकावर 0.05 मिमी बॅकलॅश म्हणजे सुमारे 103 आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) चूक.

सर्वांत जुना उपाय म्हणजे गियर जवळ आणणे. 20 अंश दाबकोनाच्या दात्यात (दाबकोन म्हणजे दात्याच्या बाजूचा कल) केंद्रांतर, म्हणजे दोन गियरच्या मध्यांतले अंतर, 0.05 मिमीने घटवले की बॅकलॅश 0.036 मिमीने कमी होतो, जुन्या 14.5 अंशी दात्यात जेमतेम 0.026. सेटिंग चाकाची पूर्ण फेरी फिरवून, सर्वांत घट्ट जागी करायचे. तरीही शून्य गाठू नये. 200 मिमी केंद्रांतरावर स्टीलचे गियर त्यांच्या पेटीपेक्षा (हाउसिंग) 40 अंश सेल्सिअसने जास्त तापले, तर साधारण 0.067 मिमी फट तिथेच संपते. मग तेलाला जागा उरत नाही, दाते ओरखडतात.

पुढे स्प्रिंगने ताणलेले दोन चकत्यांचे गियर आले. लोड स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की फट पुन्हा उघडते. स्प्रिंग कडक केली तर दाते झिजतात. डुप्लेक्स वर्म (वर्म म्हणजे स्क्रूसारखा गियर) जास्त शहाणा. त्याच्या दात्याच्या दोन बाजूंची लीड (एका फेरीतली पुढची चाल) वेगळी, त्यामुळे दाता लांबीभर जाड होत जातो. फरक 2 टक्के असेल तर शिम (मध्ये बसवलेली पातळ पट्टी) घासून वर्म 1 मिमी सरकवला की 0.02 मिमी फट जाते.

घोळ मात्र शब्दाचा आहे, आणि तो आजही मिटलेला नाही. बॅकलॅश म्हणजे दात्यांमधली फट. लॉस्ट मोशनमध्ये ती फट, बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) आणि शाफ्टचा पीळ, सगळे येते. रोबोटच्या रिड्यूसरचे (वेग कमी करणारा गियरबॉक्स) लॉस्ट मोशन अनेक कॅटलॉगांत रेटेड टॉर्कच्या (नेमून दिलेला फिरवण्याचा जोर) ±3 टक्क्यांवर मोजलेले असते. वर्कशॉपमध्ये कोणी दांडा लावून जोराने हलवतो आणि त्या आकड्यालाही बॅकलॅशच म्हणतो. इनपुट लॉक करून, आउटपुटला हलका टॉर्क दोन्हीकडे देऊन डायल वाचला तरच फट कळते. फुगलेला आकडा कंट्रोलरच्या कॉम्पेन्सेशनमध्ये (फटीइतकी आपोआप होणारी दुरुस्ती) भरला, की अक्ष उलटताना पुढे उडी मारतो आणि वर्तुळावर चतुर्थांश बदलतात तिथे खूण उमटते.

मुळात कॉम्पेन्सेशन फक्त जागा दुरुस्त करते. कटरच्या जोराने टेबल फटीत हलले तर त्याचा काही इलाज नाही, विक्रेते काहीही म्हणोत. मोठ्या रॅकवर (सरळ दातेरी पट्टी) म्हणून दोन मोटारी बसवतात: कमी लोडला दोन पिनियन (मोटारीवरचे छोटे गियर) परस्परविरुद्ध ताणून धरतात, लोड वाढला की दोन्ही एकाच दिशेने ढकलतात.