भुंगा की भुंगेरा?

आमच्या घरी नाना कुठल्याही काळ्या, जाड, आवाज करणाऱ्या किड्याला भुंगा म्हणतात आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "भुंगा शे, मारी टाक." शेवग्यावर घोंघावणारा तो भुंगा, पहिल्या पावसानंतर रात्री दिव्यावर आपटणारा तोही भुंगा, बाजरीच्या कणसाला चिकटून बसलेला लाल पट्ट्यांचा, तोही भुंगाच. अमळनेरकडे काय, धुळ्याकडे काय, बोलताना सगळेच असं म्हणतात. शेतीच्या पत्रकांत मात्र दोन शब्द वेगळे छापलेले असतात, भुंगा आणि भुंगेरा. वाचताना वाटतं, एकाच किड्याची दोन नावं असतील. तसं नाही. हे दोघे एकमेकांचे लांबचेसुद्धा भाऊबंद नाहीत.

भुंगा, म्हणजे जुन्या कवितेतला भ्रमर, ही खरं तर एक माशी आहे. मधमाशी ज्या कुळातली, त्याच कुळातली. फक्त मोहोळ नाही, राणी नाही, कामकरी नाहीत, एकेकटीचा संसार. भुंगेरे हे वेगळंच खानदान. मुळं कुरतडणाऱ्या हुमणीचा किडा, नारळावरचा गेंडा, धान्यातला सोंड्या, लाल, ठिपक्यांचा ढालकिडा, काजवा, सगळे त्यात आले. जगात माश्यांच्या या गटातल्या जाती 20 हजारांच्या वर आहेत, भुंगेऱ्यांच्या नोंदलेल्या जाती 4 लाखांच्या आसपास.

ओळखायला पाठ बघायची. पाठीच्या मधोमध वरून खालपर्यंत सरळ शिवण दिसली, की तो भुंगेरा. त्याचे पुढचे दोन पंख कडक होऊन शेंगेच्या टरफलांसारखे झालेले असतात आणि उडायचे खरे पंख त्यांच्याखाली घडी करून ठेवलेले. म्हणून उडायच्या आधी तो क्षणभर थांबतो, टरफलं उघडतो, मग पंख बाहेर काढतो, आणि उतरताना बहुतेक वेळा आपटतोच. भुंग्याला शिवण नाही. चारही पंख पातळ, उन्हात त्यांवर निळी-जांभळी झाक, रस्त्यावरच्या पाण्यात ऑइल सांडल्यावर दिसते तशी. छातीवर केस. काही जातींत नर चक्क पिवळसर असतो आणि लोकांना तो तिसराच प्राणी वाटतो. हा नर हवेत एका जागी तरंगत राखण करतो, माणसाच्या तोंडासमोर येऊन उभा राहतो, पण त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरून दाबल्याशिवाय ती सहसा वापरत नाही.

दुसरी खूण लाकडात. आमच्या जुन्या धाब्याच्या घराला कडुलिंबाचा एक आडवा सर, म्हणजे तुळई, आहे. एका उन्हाळ्यात त्याच्या खालच्या अंगाला गोल भोक पडलं, करंगळी जाईल एवढं, गिरमिटाने पाडावं तसं नेमकं, आणि खाली ओट्यावर भुशाची ढिगली. नाना म्हणाले, लाकडाला कीड लागली, आणि त्यांनी भोकात सिमेंट भरलं. तिसऱ्या दिवशी तिथून दोन वितींवर नवं भोक.

ती कीड नव्हती. भुंग्याची मादी लाकूड खात नाही, कोरते फक्त. आत आडवा बोगदा काढते, त्याच्या टोकाला पराग आणि मध मळून एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि भुशाच्या लगद्याने भिंत घालून ती खोली बंद करते. मग पुढचा गोळा, पुढचं अंडं, पुढची भिंत. वेळूच्या पोकळीत तर कोरायचे कष्टही कमी. लाकूड खरंच खाणारे असतात ते भुंगेरे, म्हणजे त्यांच्या अळ्या. लाकूड पोखरणाऱ्या लहान भुंगेऱ्यांची भोकं टाचणीच्या डोक्याएवढी, पुष्कळ, आणि खाली पडणारी पूड पिठासारखी बारीक. भुंग्याचं भोक एकच, मोठं, आणि भुसा जाडसर. एवढा फरक नानांना तेव्हा माहीत असता तर सिमेंट वाचलं असतं. (त्या वर्षी भुंगे रुसले आणि शेवग्याला शेंगाच आल्या नाहीत, असं सांगायला मजा आली असती. शेंगा नेहमीएवढ्याच लागल्या.)

फुलापाशी गेलं की दोघांचा स्वभाव कळतो, आणि ते बघायला वांग्याच्या वाफ्याइतकी चांगली जागा नाही. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, थंडीत पऱ्हाट्यांच्या जाळावर ती भाजतात, हे सगळ्यांना माहीत. पण वांग्याचं फूल कोणी निरखून बघत नाही. जांभळं, मान खाली घातलेलं, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा जुडगा. बहुतेक फुलांत केसर उकलतो आणि पराग बाहेर सांडतो. वांग्यात तो मिठाच्या डबीसारखा असतो, टोकाला दोन बारीक छिद्रं आणि पराग आत कोंडलेला. मध तर त्या फुलात नसतोच. वाऱ्याने फूल हललं की थोडा पराग पडतो, त्यामुळे फळ धरायचं पूर्ण थांबत नाही. पण डबी नीट हलवायला यावी लागते.

सकाळी साडेसात-आठला वाफ्यात बसून राहा. भुंगा येतो तेव्हा जाड 'घूंऽ' असा आवाज असतो. तो फुलाला लटकतो, पिवळा जुडगा पायांनी कवटाळतो, आणि आवाज एकदम बदलतो, बारीक आणि चढा होतो. पंख मिटलेले असतात, तरी आवाज चालू. उडायचे स्नायू तो पंखांपासून सोडवून नुसतेच थरथरवतो, आणि त्या थरथरीने छिद्रांतून पराग त्याच्या पोटावर भसकन पडतो. मग पुन्हा जाड 'घूंऽ' आणि पुढचं फूल. डोळे मिटून बसलात तरी किती फुलं झाली ते मोजता येतं. टोमॅटोचं फूलही साधारण याच घडणीचं. पोटावर निळे पट्टे असलेल्या एका लहान माशीलाही ही कला येते. मध देणाऱ्या मधमाशीला येत नाही.

बांधावरच्या रुईचा मामला आणखी गमतीचा. रुईत पराग पूड म्हणून नसतोच. दोन पिवळ्या पिशव्या एका काळ्या चिमट्याला टांगलेल्या, असा जोड फुलाच्या खाचेत बसवलेला असतो. मधासाठी भुंगा फुलावर चढतो, पाय खाचेत घसरतो, ओढून काढताना चिमटा पायाला अडकतो आणि पिशव्यांसकट बाहेर येतो. पुढच्या फुलाच्या खाचेत त्या पिशव्या अडकल्या की काम झालं. लहान माशीला एवढी ओढ मारायला ताकद पुरत नाही. शनिवारी मारुतीला ज्या रुईची माळ घालतो, तिच्या फुलात हे सगळं आहे. तुरीच्या फुलालाही असंच वजन लागतं: खालची पाकळी दाबली गेली तरच आतले केसर उघडे पडतात. तूर बरीचशी स्वतःच्याच परागावर भागवते, पण या फुलाचा पराग त्या झाडाला जातो तो अशाच जड पाहुण्यांमुळे. भुंगा साधुसंत मात्र नाही. लांब नळीच्या फुलात तोंड पोचलं नाही, तर बुडाशी चीर पाडून मध चोरतो आणि परागाला शिवतही नाही.

आता भुंगेरा. बाजरी फुलोऱ्यात आली की कणसावर जे येतात त्यांना सोसे किंवा हिंगे म्हणतात. काळं अंग, आडवे लाल-नारिंगी पट्टे. ते पराग घेऊन जात नाहीत, खातात. तूर, भेंडी, अंबाडीची तर पाकळ्यांसकट फुलं फस्त करतात. हाताने वेचायचे असतील तर मोजे घालून, कारण दाबला की अंगातून रस सुटतो आणि कातडीला फोड येतात. एवढं असून त्यांच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात, तेव्हा शिवी देताना थोडी राखून द्यावी. हुमणीचे भुंगेरे फुलाकडे फिरकतही नाहीत. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि लिंब-बाभळीचा पाला खातात.

इथवर वाचून भुंगा भला आणि भुंगेरा बुरा असं वाटलं असेल, तर सीताफळाकडे बघा. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरउतारावर ते भरपूर. त्याच्या जाड, हिरवट फुलात भुंगा शिरूच शकत नाही, मधमाशीला त्यात रस नाही. आत जातात ते तिळाएवढे भुंगेरे. फूल आधी मादी असतं, नंतर नर होतं. या फुलातला पराग अंगावर घेऊन भुंगेरे नुकत्याच उमललेल्या दुसऱ्या फुलात गेले, तरच फळ धरतं. ते कमी पडले की बागाईतदार ब्रश घेऊन एकेका फुलाला स्वतः पराग लावतात.

कीर्तनात एक दृष्टांत हमखास येतो: कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र कोंडून पडतो. लाकडाचं बरोबर आहे, आमच्या सराला विचारा. कमळही रात्री मिटतं, आणि बाहेर गारवा असला तरी आतून स्वतःला 30 ते 35 अंशांपर्यंत ऊब आणतं. त्या उबेला फुलात मुक्काम करणारे म्हणून जे ओळखले जातात, ते मात्र भुंगेरे. नानांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मंग महाराजबी भुंगाच म्हनत, मी काय चुकनू?"